गरम पाणी घाला आणि गप्प बसा

जेवणाला नावं ठेवणं हा आमच्या घरी जेवणाचाच भाग आहे. पानात डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी आणि समोरून शेरा. सासरे होते तेव्हा आमटीचा पहिला भुरका आणि पहिला शेरा यांच्यामध्ये श्वास घ्यायलाही जागा नसे. ‘‘आज चिंच जरा पुढे आलीये.’’ त्यावर सासूबाई शांतपणे, ‘‘मग मागे सारा आणि जेवा.’’ यात कोणी रागावत नसे आणि कोणी सुधारतही नसे. उलट एखाद्या दिवशी शेरा आला नाही तर सासूबाई भात वाढता वाढता थांबायच्या. ‘‘का हो, अंग गरम आहे का?’’

अशा घरात लग्न होऊन आलेल्या, आणि मूळच्या पुण्याच्या असल्यामुळे या विषयात माहेरूनच तयार होऊन आलेल्या बाईला जर असं जेवण वाढलं की जे मुळात कोणी केलेलंच नाही, तर तिने करायचं काय? मी फ्रीझ-ड्राय जेवणाबद्दल बोलतेय. चकचकीत पाकीट. वरून फाडायचं, उकळतं पाणी ओतायचं, ढवळायचं, पट्टी दाबून बंद करायचं, वाट बघायची, खायचं. कोणाला काही बोलायचं नाही, कारण समोर कोणी नाही. मागे फक्त एक टोल-फ्री नंबर.

कॅलिफोर्नियातल्या मराठी माणसाला चाळिशीत दोनपैकी एक आजार होतो, मॅरेथॉन नाहीतर बॅकपॅकिंग. आमच्याकडे दुसरा आला. बॅकपॅकिंग म्हणजे तंबू, अंथरूण, चूल आणि शिधा स्वतःच्या पाठीवर घेऊन सिएरा नेवाडाच्या डोंगरांत मुक्कामी हिंडणं. हिमालयातल्या ट्रेकसारखं नाही. तिथे आपण धापा टाकत तळावर पोचतो तेव्हा स्वयंपाकी आपल्या आधी पोचून सूप आणि पॉपकॉर्न घेऊन उभा असतो. सह्याद्रीत तर विचारायलाच नको. हरिश्चंद्रगडावर पाचनईची मंडळी पिठलं-भाकरी करून घालतात आणि ‘‘मावशी, पिठल्यात मिरची फार झाली’’ म्हटलं की ‘‘मग ताक घ्या की’’ असं उत्तरही मिळतं. जेवण आणि संवाद दोन्ही गरम. सिएरात मैलोन् मैल कोणी नाही. तिथे जाणारे लोक हीच गोष्ट कौतुकाने सांगतात.

आजाराचं पहिलं लक्षण म्हणजे वजनकाटा. नवऱ्याने माझा स्वयंपाकघरातला काटा पळवला आणि रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर एकेक वस्तू तोलायला सुरुवात केली. टूथब्रशची दांडी करवतीने कापली. नकाशाचे कोरे समास कापले. टॉवेलच्या जागी हातरुमाल आला आणि हातरुमालाचाही अर्धा भाग घरी राहिला. एवढं सगळं झाल्यावर योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचं परमिट हातात आलं, त्यात नियम होता की रानात मुक्काम करणाऱ्याने सगळं खाणं अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात ठेवलं पाहिजे. हा डबा जाड प्लॅस्टिकचा, पिंपाच्या आकाराचा आणि रिकामा असताना सव्वा किलोच्या आसपास भरतो. टूथब्रशच्या दांडीचं काय करायचं, हे मी विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही.

तर अशा माणसाला खाण्याचं वजन खुपणारच. शिजलेल्या भातात जवळजवळ दोन तृतीयांश पाणी असतं, हे त्याने मला ज्या स्वरात सांगितलं त्यावरून असं वाटलं की इतकी वर्षं मी त्याला फसवत होते. पाणी तर डोंगरात ओढ्याओढ्याला आहे, मग ते पाठीवरून का न्यायचं? म्हणून फ्रीझ-ड्राय. अन्न आधी शिजवायचं, उणे ४० अंशांच्या आसपास कडक गोठवायचं आणि मग निर्वात कोठीत ठेवायचं. हवेचा दाब ६ मिलिबारच्या खाली गेला की बर्फाला वितळून पाणी व्हायची सोयच राहत नाही, ते घन रूपातूनच थेट वाफ होऊन निघून जातं. मागे उरतो तो अन्नाचा आकार. वाटाणा वाटाण्याएवढाच दिसतो, पण उचलला तर हाताला काही लागत नाही. वर फुंकर मारायची नाही. मी मारली होती, फ्रीजखालून अजून वाटाणे निघतात.

या कल्पनेला इतिहास मोठा आहे आणि तो मला चालताना, विशेषतः चढावर, पुन्हा पुन्हा ऐकवला गेलाय. अँडीजच्या डोंगरातले लोक शतकानुशतकं बटाटे रात्रीच्या थंडीत गोठवतात, पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. त्याला चुन्यो म्हणतात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव आणि पेनिसिलिन याच पद्धतीने वाळवून आघाडीवर गेलं. पुढे व्हिएतनाममध्ये लांब टेहळणीवर जाणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या पाठीवर अशी जेवणाची पाकिटं चढली आणि नंतर तोच प्रकार डोंगर चढणाऱ्यांच्या दुकानांत आला. सैनिकांना पर्याय नव्हता. आम्ही रांगेत उभं राहून, सेलची वाट बघून घेतो.

त्या उन्हाळ्यात सासूबाई नाशिकहून आमच्याकडे आल्या होत्या. टेबलावर पाकिटांचा ढीग बघून त्यांनी एक उचललं, हलवून बघितलं, कानाशी नेलं.

‘‘यात काय आहे?’’

‘‘पास्ता आहे, आई. फक्त त्यातलं पाणी काढून टाकलंय.’’

‘‘मग आम्ही चैत्रात गच्चीवर काय करतो?’’

नवऱ्याने खुर्ची ओढली. उन्हात वाळवलं की पदार्थ आकसतो, पेशी चिकटून बसतात, मग तो पुन्हा नीट भिजत नाही. गोठवून वाळवला की आत जाळी शिल्लक राहते, पाणी सहज शिरतं, असं सगळं त्याने चमचा आणि काडेपेटी वापरून समजावलं. सासूबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग किंमत विचारली. चौदा डॉलर. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला.

‘‘बाराशे रुपये? पाणी काढायचे? आपल्याकडे ऊन फुकट आहे रे.’’

‘‘आई, हे तंत्रज्ञान आहे.’’

‘‘असेल. पण कुरडई तळली की चौपट फुलते. तुझं हे काय करतं?’’

‘‘भिजतं.’’

‘‘भिजतं,’’ असं म्हणून त्यांनी पाकीट परत ढिगावर ठेवलं. त्यानंतर दोन दिवस त्या घरात कोणत्याही वस्तूकडे बघून मान हलवत होत्या.

नवऱ्याने शेवटचं अस्त्र काढलं. १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा त्यांच्यासाठीचं भारतीय खाणं म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने तयार केलं होतं, हे त्याने सांगितलं. सासूबाईंना राकेश शर्मांबद्दल नितांत आदर आहे, त्यामुळे त्या जरा नरमल्या. पण मला मात्र त्या माणसाची दया आली. वर अंतराळस्थानकात सहा जण, त्यातले पाच सोव्हिएत. ‘मीठ जरा जास्त झालंय’ हे सांगायचं कोणाला? आणि कोणत्या भाषेत?

आता पाकिटाबद्दल. बाहेर चित्र असतं. पांढरीशुभ्र बशी, वाफाळता पास्ता, वर बेझिलची दोन टवटवीत पानं, बाजूला दुमडलेला लिननचा रुमाल. हे चित्र आतल्या मालाचं नाही, ते निव्वळ एक सूचन आहे, असं खाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं. बशी, बेझिल आणि रुमाल आपण आणायचे. नवऱ्याच्या काट्यावर बशी मावत नाही, बेझिल कोमेजतं आणि रुमालाचं काय झालं ते मी सांगितलंच आहे.

मागे लिहिलेलं असतं की हे जेवण दोघांचं आहे. कोणत्या दोघांचं ते लिहिलेलं नसतं. पाठीवर ओझं घेऊन दिवसभर चढ चढलेल्या दोघांचं तर नक्कीच नाही. अख्ख्या पाकिटात मिळून एका माणसाची भूक भागते आणि दुसऱ्याला पहिल्याकडे बघता येतं. मीठ मात्र दोघांचं असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाकाठी २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. आमच्या ढिगातल्या बऱ्याच पाकिटांत त्यातला निम्म्याहून जास्त वाटा एका बैठकीत उरकला जात होता. तेव्हा हे जेवण पाण्याशिवाय येतं असं म्हणतात ते खरं आहे, फक्त ते पाणी तुम्ही रात्री दोन वाजता उठून पिता आणि चार वाजता उठून परत करता. बाहेर गोठणबिंदूच्या आसपास थंडी असते. शेवटचा चमचा पाकिटाच्या खालच्या कोपऱ्यात जातो, तिथे ढवळताना सुटलेला मसाला दबा धरून बसलेला असतो. तो खाल्ल्यावर सोडियमचं उद्याचंही काम होतं.

आमचा रस्ता होता ट्युओलमी मेडोजपासून निघून लायल कॅन्यनमधून डोनाहू खिंड ओलांडून रेड्स मेडोपर्यंत. २११ मैलांच्या जॉन म्यूर ट्रेलचा हा एक तुकडा. लायल कॅन्यन इतकं सुंदर आहे की त्याबद्दल लिहायला दुसरे लोक आहेत. मी संध्याकाळबद्दल लिहिते. सोबत नवऱ्याचा नागपूरचा मित्र आणि त्याची बायको. मित्राला सगळे कॅप्टन म्हणतात, कारण जीपीएस त्याच्याकडे असतं. ग्रॅनाइटच्या एका सपाट दगडावर चूल मांडली. चूल म्हणजे गॅसच्या छोट्या कॅनवर बसवलेली तीन पायांची एक चिमुकली चीज. योसेमिटीत ९,६०० फुटांच्या वर लाकडं पेटवायला बंदी आहे, म्हणून सगळ्यांच्या गप्पा या निळ्या ज्योतीभोवतीच. तिच्याभोवती हात शेकायचे तर पाळी लावावी लागते.

पाणी उकळलं. निदान तसं दिसलं. उंचीवर पाणी उकळण्याचा नुसता आव आणतं. समुद्रकिनारी १०० अंशांना उकळणारं पाणी १०,००० फुटांवर साधारण ९० अंशांनाच बुडबुडे काढायला लागतं आणि तुम्ही खालून कितीही ज्योत मोठी करा, त्याच्या पुढे ते जात नाही. पाकिटावर छापलेली नऊ मिनिटं ही समुद्रकिनाऱ्याची मिनिटं. डोंगरावर त्याची दुप्पट धरा, असं जाणकार सांगतात. भुकेलेल्या चार माणसांनी अंधार पडताना बंद पाकिटाकडे अठरा मिनिटं बघत बसणं हा स्वतंत्र अनुभव आहे. घरी भात शिजेपर्यंत निदान झाकण उचलून ‘झाला का गं?’ असं विचारता येतं आणि ‘सारखं झाकण उचलू नकोस’ असं ऐकून घेता येतं. इथे पट्टी उघडायची नाही. उघडली की वाफ गेली.

वाफ टिकावी म्हणून नवऱ्याने पाकीट जॅकेटच्या आत छातीशी धरलं. वरून चेन लावली. डोळे मिटले. इतक्या मायेने त्याने आमच्या मुलालाही धरल्याचं मला आठवत नाही.

‘‘झालं,’’ तो म्हणाला आणि पाकीट उघडून पहिला चमचा माझ्यासमोर धरला. ‘‘सांग कसं झालंय.’’

इथे खरी गंमत आहे. पाणी उकळणं, ते ४८० मिलिलीटर मोजणं आणि थांबणं, एवढ्यावर या माणसाला आपण स्वयंपाक केल्याचं समाधान मिळालं होतं. घरी जो मनुष्य कुकरच्या शिट्ट्या मोजताना फोनवर बोलून दोन शिट्ट्यांची कमाई करतो, तो आता चेहऱ्यावर सुगरणीचं तेज घेऊन समोर बसला होता. मी चव घेतली. पास्ता एका टोकाला लगदा आणि दुसऱ्या टोकाला कडकडीत होता. वाटाणे बाहेरून भिजले होते, आत त्यांनी कारखान्याची आठवण जपली होती.

‘‘वाटाणे कच्चे आहेत,’’ मी म्हणाले.

‘‘मी सूचनेप्रमाणे केलंय.’’

‘‘आणि खारट आहे.’’

‘‘त्यात माझा काय संबंध?’’

बघा. तेज हवं, पण शेरा नको. आमच्या अख्ख्या खानदानात स्वयंपाक करणाऱ्याने कधी ‘त्यात माझा काय संबंध’ असं म्हटलेलं नाही. ‘उद्यापासून तुम्ही करा’ म्हणतात, ‘मला जमतं तसं केलंय’ म्हणतात, भांडं आपटतात, पण संबंध नाकारत नाहीत. मी गप्प बसले आणि खाल्लं. भुकेला कोंडा गोड असं म्हणतात, ते ज्याने म्हटलं त्याला कोंडा निदान शिजवून मिळाला असणार.

पलीकडे कॅप्टन चिकन आणि डम्पलिंग खात होता. बराच वेळ एकच घास चघळत होता.

‘‘हे मशरूम लय चिवट आहे,’’ तो म्हणाला.

त्याच्या बायकोने डोक्यावरचा दिवा त्याच्या तोंडाकडे वळवला. तोंडातून एक पांढरी चौकोनी पुडी निघाली. अशा पाकिटात लोखंडाच्या भुकटीची एक पुडी टाकलेली असते. ती गंजते आणि गंजताना आतला ऑक्सिजन शोषून घेते, म्हणून अन्न वर्षानुवर्षं खराब होत नाही. पाणी ओतायच्या आधी ती काढायची असते. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘खाऊ नये’ असं लिहिलेलं असतं. पुडी सुदैवाने फुटली नव्हती. कॅप्टनने ती निरखून बघितली.

‘‘राहू दे,’’ त्याची बायको म्हणाली. ‘‘तसंही तुझं हिमोग्लोबिन कमीच आहे.’’

पुढचा मुक्काम खिंडीच्या पायथ्याशी होता. जसजसं वर जावं तसतसा बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि खाली बंद केलेली पाकिटं फुगायला लागतात. सकाळी अस्वलाच्या डब्याचं झाकण उघडलं तर आतली सगळी पाकिटं टम्म होऊन वर आली होती आणि मग झाकण काही केल्या बसेना. नवरा झाकणावर बसला, कॅप्टन नवऱ्याच्या खांद्यावर दाबत होता. शेवटी कॅप्टनच्या बायकोने सुई काढली आणि प्रत्येक पाकिटाला बारीकसं भोक पाडून हवा काढून टाकली. भौतिकशास्त्राचा हाच नियम आदल्या रात्रीच्या राजम्याच्या पाकिटानंतर आमच्या पोटांनाही लागू झाला होता. दोन माणसांचा तंबू, अतिशय हलक्या, अतिशय पातळ आणि हवा अजिबात न जाऊ देणाऱ्या कापडाचा. पाकिटाला सुई टोचता येते. एवढंच लिहून मी हा विषय संपवते, कारण सासूबाई हा लेख वाचणार आहेत.

त्या रात्री ‘इंडियन’ पाकिटाची पाळी होती. ‘घरची आठवण येईल’ म्हणून नवऱ्याने मुद्दाम घेतलं होतं. भात होता, पिवळा होता, त्यात बेदाणे होते. गोड होतं, मग आंबट होतं, मग पुन्हा गोड. हळद होती, पण ती फोडणीतून आलेली नव्हती, ती नुसती येऊन राहिली होती. हा भात भारताच्या कोणत्या भागातला असावा यावर आमच्यात चर्चा झाली. नागपूर म्हणालं, पुण्याकडचा असेल, गोड आहे. पुणे म्हणालं, आमच्याकडे गोड भाताला निदान केशर असतं. शेवटी सर्वानुमते तो कोणाचाच नाही असं ठरलं. पण मौज बघा, वादही धड रंगेना. मायदेशी एखाद्या हॉटेलात असा भात मिळाला असता तर आम्ही वेटरला बोलावलं असतं, वेटरने मालकाला बोलावलं असतं, मालक म्हणाला असता ‘आजवर कोणाची तक्रार नाही’ आणि सगळ्यांची संध्याकाळ मार्गी लागली असती.

आणि मग मी चटणी काढली.

तसं बघितलं तर ती पहिल्या संध्याकाळीच उघडकीला यायला हवी होती, कारण अस्वलांच्या मुलखात वास येणारं काहीही, अगदी टूथपेस्टसुद्धा, डब्यातच ठेवावं लागतं. सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी मी डब्याच्या तळाशी, ‘प्रथमोपचार’ असं लिहिलेल्या पिशवीत बसवली होती. वजन ११० ग्रॅम. नवऱ्याच्या काट्याने ती कधी पाहिली नाही. त्याच दिवशी दुपारी वाटेत भेटलेल्या रेंजरने परमिट बघितलं आणि मग डबा उघडून दाखवायला सांगितला. झाकण निघालं. तिने एकदा आत बघितलं, एकदा आमच्याकडे बघितलं, आणि अर्धं पाऊल मागे सरकून ‘हॅव अ ग्रेट ट्रिप’ म्हणाली. त्यामुळे आता लपवण्यासारखं तसं काही उरलं नव्हतं. नवरा तेव्हापासून एवढंच म्हणत होता, ‘‘एकशे दहा ग्रॅम. म्हणजे एक स्वेटशर्टची बाही.’’

पिवळ्या भातावर चटणी पडली. चार चमचे आडवे-उभे फिरले. थोडा वेळ कोणी बोललं नाही आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो आवाज आला.

‘‘वहिनी, तिखट टाकायचं विसरल्या का?’’ कॅप्टन म्हणाला.

‘‘लसूण थोडा जास्त भाजला गेलाय,’’ त्याची बायको म्हणाली.

‘‘आई यात चिंचेचं एक बुटुक घालते,’’ नवरा म्हणाला.

मी म्हणाले, ‘‘मग द्या इकडे परत.’’ कोणी दिली नाही. मग खोबरं किसावं की काप करून भाजावं यावर वाद सुरू झाला, तो विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असा पेटला, त्यात तिळाचा कूट आला, शेंगदाण्याचा आला, कॅप्टनने त्याच्या आजीला साक्षीला काढलं. पिवळा भात कधी संपला ते कळलंही नाही. मला विचाराल तर त्या रात्री आम्ही पहिल्यांदा जेवलो. त्याआधी आम्ही नुसत्या कॅलरी भरत होतो, आणि त्याही दोघांत एक पाकीट या हिशेबाने.

डोनाहू खिंड ११,०५६ फुटांवर आहे. पलीकडे उतरल्यावर थाउजंड आयलंड लेक लागतं, त्यामागे बॅनर शिखर उभं असतं, आणि तिथे बसून मी सकाळचं ग्रॅनोला खाल्लं. त्यात दुधाची भुकटी आधीच असते, थंड पाणी घातलं की झालं. मला ते आवडलं. आवडलं हे नोंदवते, कारण न्याय झाला पाहिजे. ब्लूबेरी तर भिजल्यावर खरोखर ब्लूबेरी झाल्या. फळांना हे तंत्र मानवतं. भाताला, वाटाण्याला आणि पास्त्याला नाही, आणि पाकिटं करणाऱ्यांचा सगळा जीव नेमका त्याच तिघांवर.

आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. खाऊन झालेलं पाकीट जळत नाही, पुरायचं नाही, टाकायचं नाही. रानात काही मागे ठेवायचं नाही असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून रिकामी, तेलकट, चिकट पाकिटं चेपून पुन्हा त्याच डब्यात, उद्याच्या जेवणाच्या शेजारी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डबा उघडला की आतापर्यंतची सगळी जेवणं एकदम भेटतात. ग्रॅनोलालाही राजम्याचा वास येतो. अस्वल आलं नाही. त्याच्याही नाकाला मर्यादा असतील.

रेड्स मेडोला पोचलो. तिथे उपाहारगृह आहे. बर्गर आले, बटाट्याच्या फोडी आल्या, बशीत आल्या, बशी काचेची होती. नवऱ्याने पहिला घास घेतला, चावला, गिळला आणि म्हणाला, ‘‘पाव जरा कोरडा आहे.’’ मी त्याचं अंग गरम आहे का बघितलं नाही. सगळं ठीक होतं.

घरी आल्यावर उरलेली पाकिटं मोजून फडताळात गेली. काहींवर ३० वर्षं टिकण्याची हमी छापलेली आहे. आमच्या घराचं कर्जही ३० वर्षांचं आहे, त्यामुळे शेवटचा हप्ता भरू त्या संध्याकाळी गोडाधोडाच्या जागी काय खायचं हा प्रश्न सुटलेला आहे. हे मी सासूबाईंना म्हणाले तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्या बॅग भरत होत्या. परतीच्या विमानाला आठवडा उरला होता आणि बदाम, पिस्ते, नातवाचे लहान झालेले टी-शर्ट यांच्यामध्ये त्यांनी एक जागा करून ठेवली होती.

‘‘त्यातलं ते पास्त्याचं एक दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘निर्मळ शाकाहारी आहे ना, ते तेवढं वाचून बघ.’’

‘‘कशाला आई? तुम्हाला नाही आवडणार.’’

‘‘मला नको. दाखवायला.’’

नाशिकला पोचल्यावर आठवडाभराने त्यांचा फोन आला. भिशीच्या बायका आल्या होत्या. सासूबाईंनी पाकीट पातेल्यात रिकामं केलं, पाणी घातलं, वाट बघितली, मग त्यांना राहवेना म्हणून वरून मोहरी-हिंगाची फोडणी, कढीपत्ता आणि कोथिंबीर-खोबरं घातलं. छोट्या वाट्यांतून सगळ्यांना दिलं.

‘‘काय म्हणालात त्यांना? अमेरिकेहून आणलंय म्हणून?’’

‘‘छे, त्याला काय अर्थ आहे? म्हटलं, आमच्या सूनबाईने करून दिलंय. तिच्या हातचं.’’

‘‘आई!’’

‘‘अगं, कोणाचं तरी नाव सांगायला नको का? चांगल्या तासभर बोलत बसल्या होत्या. मीठ फार आहे म्हणाल्या. मी म्हटलं, तिचा हात आहेच जरा सढळ. जोशीण म्हणाली कच्चं राहिलंय. म्हटलं नोकरी करते, धावपळीत होतं असं.’’

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी आवाज जरा मऊ केला.

‘‘बाकी चव बरी होती हो. फक्त पुढच्या वेळी वाटाणे आदल्या रात्री भिजत घालत जा.’’